राणीचा मुखवटा आणि सुलतानाचें नाणें

टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्या मनुष्याकडे शहाणे लोक ज्या दृष्टीनें पाहतात, ती दृष्टि आमच्या पुऱ्या परिचयाची आहे. तींत थोडी कींव असते, थोडें कौतुक असतें, आणि ‘एवढ्या वेळांत यानें दुसरें कांहीं केलें असतें तर!’ हा हिशेब तर हमखास असतो. तरी तो गृहस्थ सगळ्या जगाचीं तिकिटें जमवीत असेल, तर त्याचा छंद लोकांस निदान समजतो. परंतु ‘युरोपांतील राष्ट्रांनीं तुर्की साम्राज्यांत ज्या स्वतःच्या टपालकचेऱ्या चालविल्या होत्या, तेवढ्यांचींच तिकिटें मी जमवितों,’ असें कोणी म्हणाला, कीं समोरचा माणूस क्षणभर आढ्याकडे पाहतो आणि मग पावसापाण्याची गोष्ट काढतो. गेलीं तीसएक वर्षें आम्ही हाच उद्योग करीत आल्यामुळें पावसापाण्यावर आम्हांस फार बोलावें लागलें आहे. आज वाचकांनीं आढ्याकडे न पाहतां थोडा वेळ आमच्या आल्बमाकडे पाहावें, एवढीच विनंती आहे.

मुळांत ही गोष्टच चमत्कारिक आहे. एक सार्वभौम बादशहा आहे. त्याला स्वतःचें टपालखातें आहे, स्वतःचीं तिकिटें आहेत. आणि त्याच बादशहाच्या राजधानींत, इस्तंबूलच्या गलाटा नांवाच्या व्यापारी भागांत, इंग्रजांची, फ्रेंचांची, ऑस्ट्रियनांची, जर्मनांची, रशियनांची आणि शेवटीं शेवटीं इटालियनांचीही टपालकचेरी उघडी आहे. प्रत्येकींत आपापल्या देशाचीं तिकिटें विकलीं जात आहेत, आणि पत्रांवर आपापल्या देशाचा शिक्का बसत आहे. पत्र टाकणारा सुलतानाचा प्रजाजन असो कीं परका असो, त्याचा पैसा सुलतानाच्या खात्याकडे न जातां लंडन, पॅरिस, व्हिएन्ना किंवा बर्लिन येथील खात्याकडे जात आहे. पेशवाईच्या ऐन भरांत शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर सहा टोपीकरांनीं सहा टपालकचेऱ्या मांडल्या आहेत, अशी वाचकांनीं कल्पना करून पाहावी. संगमावर एक इंग्रज रेसिडेंट येऊन राहिला, तेवढ्यानें पुढें काय काय झालें, हें निदान मराठी वाचकास सांगावयास नको.

हें घडलें कसें? याचें मूळ, इतिहासकार ज्यांना ‘कॅपिट्युलेशन्स’ म्हणतात, त्या सवलतींच्या सनदांत आहे. सुलतानांनीं १५६९ सालीं फ्रेंच व्यापाऱ्यांस आणि १५८० सालीं इंग्रजांस अशा सनदा दिल्या. त्या वेळीं देणारा बलिष्ठ होता आणि घेणारे दारांत उभे होते. परदेशी व्यापाऱ्यांचे आपसांतील तंटे त्यांच्याच वकिलांनीं मिटवावे, त्यांच्या मालावरील जकात ठराविक असावी, यांत सुलतानाला आपली थोरवीच दिसली असेल. पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. दोन शतकांनीं तराजू उलटला, आणि जी मेहेरबानी होती तिचा हक्क झाला. फर्रुखसियर बादशहानें १७१७ सालीं इंग्रज कंपनीस दिलेलें फर्मान, आणि त्याच्या जोरावर बंगाल्यांत माजलेला दस्तकांचा धुमाकूळ, हीं प्रकरणें ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस ही कथा नवी वाटणार नाहीं.

टपालाचा प्रवेश मात्र मागील दारानें झाला. १७१८ सालीं पॅसारोविट्झचा तह झाल्यानंतर ऑस्ट्रियन वकिलातीचे जासूद व्हिएन्नाहून नियमितपणें जाऊंयेऊं लागले. १७७४ च्या कुचुक-कायनार्जीच्या तहानंतर रशियाचेही येऊं लागले. वकिलातीच्या थैलींत आधीं सरकारी कागद, मग वकिलाच्या ओळखीच्या एखाद्या व्यापाऱ्याचें पत्र, मग सर्वच व्यापाऱ्यांचीं पत्रें, असें होतां होतां थैलीची कचेरी झाली. फ्रेंचांची कचेरी १८१२ सालीं आली. इंग्रजांची, क्रिमियाच्या लढाईंतील लष्करी टपालाच्या पाठोपाठ, १८५७ सालीं आली. आणि उत्तर जर्मन संघाची १८७० सालीं. आतां याच्या शेजारीं हें ठेवून पाहावें, कीं तुर्की सरकारचें स्वतःचें टपालखातें १८४० सालीं स्थापन झालें आणि त्याचें पहिलें तिकीट १८६३ सालीं निघालें. तेव्हां न्यायानें बोलावयाचें तर, आरंभीं या परक्या कचेऱ्यांनीं कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. जेथें परदेशाशीं पत्रव्यवहाराची धड सोय नव्हती तेथें त्यांनीं ती केली. ट्रिएस्टच्या ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या आगबोटी स्मर्ना, बैरूत, सॅलोनिका अशा बंदराबंदरांतून पत्रें गोळा करीत, आणि त्या पत्रांवर कापूस, अंजीर व रेशीम यांचा व्यापार चाले. प्रश्न येतो तो पुढल्या काळाचा. घरच्यांची सोय लागल्यावरही पाहुणा उठेना, तेव्हां त्याला काय म्हणावें?

आमच्या आल्बमाचें पहिलें पान ज्या तिकिटानें सुरू होतें तें १८८५ सालचें आहे. तें अडीच पेन्सांचें ब्रिटिश तिकीट आहे. रंग फिकट जांभळा, तोही पाण्याच्या थेंबानें उडेल असा. मध्यें व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा. ब्रिटिश तिकिटावर देशाचें नांव कधीं नसतें. राणीचा चेहरा दिसला कीं सर्व जगानें तो ओळखावा, अशी त्या राष्ट्राची समजूत. परंतु याच चेहऱ्यावर मागाहून काळ्या शाईनें छापलें आहे : ‘४० पारा’. पारा हें तुर्कस्तानचें बारीक नाणें. असे चाळीस पारे मिळून एक पियास्तर होई.

या छपाईचें कारण अगदीं वाण्याच्या दुकानांतलें आहे. पूर्वीं या कचेऱ्यांत मायदेशचींच तिकिटें जशींच्या तशीं विकीत. परंतु तुर्की नाण्याचा भाव खालींवर होई, आणि हुशार लोक येथें स्वस्त पडलेलीं तिकिटें घेऊन दुसरीकडे पुऱ्या किमतीस खपवीत. तेव्हां तिकिटावरच तुर्की किंमत छापून हा दरवाजा बंद करण्यांत आला. जर्मनांनीं १८८४ सालीं, इंग्रज व फ्रेंच यांनीं १८८५ सालीं, आणि ऑस्ट्रियानें १८८६ सालीं हाच मार्ग धरला. कारण असें क्षुल्लक. पण परिणाम पाहावा! चेहरा राणीचा आणि पैसा सुलतानाचा. एक तसूभर कागदावर एका राज्याचें तोंड आणि दुसऱ्या राज्याची गांठोडी एकत्र आलीं आहेत, आणि त्या दोहोंत कोण वर छापलें आहे व कोण खालीं दाबलें गेलें आहे, हें भिंगाखालीं पाहिलें तरी निश्चित सांगतां येत नाहीं. आम्हांस या छंदांत जो रस वाटतो तो या जागीं आहे. निव्वळ सुंदर तिकिटें पाहावयाचीं असतील तर तीं दुसऱ्या पुष्कळ देशांचीं आहेत.

फ्रेंच तिकिटांकडे आम्ही नेहमीं जरा जास्त वेळ पाहतों. १९०२ पासूनच्या त्यांच्या ‘लेव्हंट’ असें नांव कोरलेल्या मालिकेंत पंचवीस सेंटिमांचें एक तिकीट आहे. लेव्हंट म्हणजे सूर्य उगवतो ती दिशा. भूमध्यसमुद्राच्या पूर्व किनाऱ्याला युरोपियनांनीं दिलेलें नांव. तिकिटावर प्रजासत्ताकाची देवता बसली आहे, आणि तिच्या हातांत एक पाटी आहे. त्या पाटीवर शब्द आहेत ‘मानवाचे हक्क’. या मंगल शब्दांखालीं छापलेलें आहे : ‘१ पियास्तर’. चित्रकार मूशाँ यानें हें चित्र फ्रान्ससाठीं काढलें होतें. त्याचा उपयोग जेरुसलेमच्या आणि बैरूतच्या फ्रेंच कचेरींत होईल, याचा त्यानें विचार केला असेल असें वाटत नाहीं. पण तिकिटावर टीका करण्याचें काम आम्हांस कधींच करावें लागत नाहीं. तिकिटें तें आपलें आपणच करतात.

रशियनांची तऱ्हा निराळी. त्यांचें टपाल ओडेसाच्या एका मोठ्या आगबोटकंपनीच्या हातीं होतें, आणि तिकिटावर आगबोटीचें चित्र काढण्याची तिला हौस होती. १९०९-१० मध्यें पन्नाशीच्या उत्सवानिमित्त काढलेल्या मालिकेवर त्यांनीं बारा गांवांचीं नांवें निरनिराळीं छापलीं : जाफा, जेरुसलेम, स्मर्ना, त्रेबिझोंद, रिझे वगैरे. त्यांतलें आमचें आवडतें म्हणजे एथॉस पर्वताचें. त्या डोंगरावर केवळ संन्याशांचे मठ; स्त्रीजातीनें तेथें पाऊल टाकावयाचें नाहीं असा शतकांचा दंडक. सर्वसंगपरित्याग केलेल्या त्या साधूंसही पत्रें येत आणि तिकिटें लागत, ही गोष्ट आम्हांस फार धीर देते.

बनावटगिरीविषयीं थोडें सांगणें भाग आहे. १८९८ मध्यें चार राष्ट्रांनीं क्रीट बेट शांततेच्या नांवाखालीं वांटून घेतलें. रशियनांच्या वांट्यास रेथिम्नो आलें, आणि १८९९ सालीं कांहीं महिनेच त्यांनीं तेथें स्वतःचीं ओबडधोबड तिकिटें काढलीं. ओबडधोबड वस्तूची नक्कल करणें सोपें. त्यामुळें रेथिम्नोचीं खोटीं तिकिटें खऱ्यांपेक्षां अधिक झालीं आहेत. एका विक्रेत्यानें आम्हांस अशी आठ तिकिटें ‘वडिलोपार्जित’ म्हणून दाखविलीं होतीं. आठांवरही शिक्का एकाच दिवशींचा आणि एकाच कोनांत बसलेला पाहून आम्हीं नमस्कार करून बाहेर पडणें पसंत केलें.

या क्षेत्रांत खरी विद्या तिकिटाची नाहीं, शिक्क्याची आहे, हें नवशिक्यास लौकर पटत नाहीं. १८८५ पूर्वीं इंग्रजी कचेरींत साधीं ब्रिटिश तिकिटें विकलीं जात. तीं लंडनमध्यें वापरलीं कीं बॉस्फरसच्या कांठीं, हें कळण्याचें साधन एकच, तें म्हणजे त्यांवरील ठसा. इस्तंबूलच्या ब्रिटिश कचेरीचा ठसा म्हणजे आडव्या रेघांच्या लंबवर्तुळांत ‘सी’ हें एक अक्षर. स्मर्नाचा ‘एफ ८७’, बैरूतचा ‘जी ०६’. फ्रेंचांच्या इस्तंबूल कचेरीचा आंकडा ५०८३. हे आंकडे आम्हांस अमरकोशाप्रमाणें पाठ आहेत. घरांतील मंडळींचे वाढदिवस मात्र लक्षांत राहत नाहींत, अशी एक तक्रार अधूनमधून कानांवर येते. ती खरी असल्यामुळें आम्ही तिला उत्तर देत नाहीं.

शिक्क्याचें एवढें महत्त्व असल्यामुळें मुलांना जी पहिली गोष्ट शिकवितात तिजविरुद्ध आमचा कायमचा झगडा आहे. पाकिटावरचा कोपरा कापावा, कोमट पाण्यांत टाकावा, तिकीट सुटलें कीं टीपकागदावर वाळवावें, आणि पाकीट फेंकून द्यावें! असें धुतलेलें तिकीट म्हणजे साक्षीदाराचें नांवगांव पुसून त्याला न्यायासनापुढें उभें करणें होय. आमच्या हातीं एकदां कोणा जुन्या संग्राहकाची वही आली. शेंकडों तिकिटें, एकावर डाग नाहीं, दांता मोडलेला नाहीं, आणि शिक्का जेमतेम एक कोपरा! त्या मनुष्यानें आयुष्यभर मेहनत करून पुरावा नाहींसा केला होता. मूळ पाकिटें राहिलीं असतीं, तर कोणीं कोणास, कोठून कोठें, कोणत्या आगबोटीनें, किती दिवसांत लिहिलें, हें सगळें आज वाचतां आलें असतें.

आमचे एक स्नेही इतिहासाचे प्राध्यापक होते. आतां ते निवृत्त आहेत. त्यांनीं हा आल्बम प्रथम चाळला, तेव्हां बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग चष्मा काढून म्हणाले, “तुम्ही दुसऱ्याच्या अपमानाच्या पावत्या जमवितां, हें तुमच्या ध्यानांत आलें आहे का?”

हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. आम्हीं त्यांस दुसऱ्या अब्दुल हमीदाची गोष्ट सांगितली. हा सुलतान १८७६ पासून १९०९ पर्यंत गादीवर होता, आणि त्याच्या राज्यांत वृत्तपत्रांवर इतकी कडक नजर असे, कीं छापलेल्या शब्दाला श्वास घेणें कठीण. त्या वेळीं त्याच्या जुलुमास कंटाळलेले तरुण तुर्क पॅरिसला जाऊन राहिले. अहमद रिझा यानें तेथें १८९५ सालीं ‘मेश्वेरेत’ हें पत्र सुरू केलें. तें पत्र इस्तंबूलमध्यें शिरलें कसें? याच परक्या कचेऱ्यांतून. सुलतानाचा हस्तक त्या थैल्यांस हात लावूं शकत नव्हता. जी कचेरी देशाच्या सार्वभौमत्वाला भोंक होती, तीच देशभक्तांची खिडकी झाली होती. परदेशांत छापलेलें पुस्तक सरकारची नजर चुकवून देशांत येतें तेव्हां त्याची किंमत काय असते, हें सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथाची हकीकत जाणणाऱ्या मराठी माणसास आम्हीं काय सांगावें?

“खिडकी होती हें कबूल,” प्राध्यापक म्हणाले, “पण चावी कोणाच्या खिशांत होती?”

या प्रश्नाचें उत्तर १९०१ च्या मे महिन्यांत मिळालें होतें. त्या वेळीं सुलतानाच्या सरकारनें परकी टपालाच्या थैल्या अडवून ताब्यांत घेतल्या. वकिलातींनीं एकच गिल्ला केला, आणि अखेर सरकारलाच माघार घेऊन दिलगिरी दाखवावी लागली. आपल्या राजधानींत आलेली थैली उघडली, म्हणून राजानें क्षमा मागावयाची! मग तुर्की टपालखात्यानें बळाचा नाद सोडून बाजाराचा मार्ग धरला. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या कांहीं तुर्की तिकिटांवर अरबी लिपींतलें एकच अक्षर छापलेलें सांपडतें : ‘बे’. आम्हांस ‘बे’चा अर्थ प्रथम कळला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, हें सांगितलें तर वाचक हंसतील. तें अक्षर ‘सवलत’ या अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर आहे. परदेशीं पत्रें पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांनीं परक्यांच्या कचेरींत न जातां आपल्या कचेरींत यावें, म्हणून हीं तिकिटें त्यांस दर्शनी किमतीपेक्षां कमी भावांत देत. बादशहा स्वतःच्या राज्यांत स्वतःची मुद्रा कसर देऊन विकीत होता! परक्यांनीं केलेल्या अपमानाच्या पावत्या तर आमच्या आल्बमांत आहेतच. पण हें इवलेंसें ‘बे’ त्या सगळ्यांहून आम्हांस अधिक बोंचतें, कारण तें घरच्यानेंच छापलें आहे.

येथवर वाचकांस असें वाटलें असेल, कीं ही दूरदेशची करमणूक आहे. पण या गोष्टींत आपलेंही पान आहे, आणि तें फार वाचलें जात नाहीं.

बसरा म्हटलें, कीं आमच्याकडे पहिली आठवण होते ती मोत्यांची. आजीच्या नथींतले बसऱ्याचे मोती, ही भाषा अजून सराफकट्ट्यावर ऐकूं येते. ते मोती वस्तुतः इराणच्या आखातांतले, आणि त्यांच्याबरोबर बसऱ्याहून मुंबईस खजूर येई, अरबी घोडे येत. बगदादहून मुंबईस आलेल्या ससून घराण्याचें नांव तर कुलाब्याच्या धक्क्यावर अजून आहे. एवढी ये-जा जेथें होती तेथें टपाल हवेंच. १८६८ सालीं बगदाद आणि बसरा, या दोन्ही तुर्की शहरांत, हिंदुस्थानच्या टपालखात्यानें कचेऱ्या उघडल्या, आणि त्यांपैकीं पुष्कळ काळ त्यांचा कारभार मुंबई विभागाकडे होता. मुंबईची आगबोट बसऱ्यास थैल्या उतरवी, आणि तेथून लिंच कंपनीची बोट तैग्रिस नदीनें त्या बगदादला नेई. या कचेऱ्यांत विकलीं जात तीं तिकिटें आपल्याकडचींच : अर्धा आणा, एक आणा, दोन आणे. त्यांवर पारा नाहीं, पियास्तर नाहीं, गांवाचें नांव नाहीं. सातारच्या कचेरींत विकलें जाणारें तिकीट आणि बगदादच्या कचेरींत विकलें जाणारें तिकीट यांत रेघेचाही फरक नाहीं. फरक काय तो शिक्क्याचा. अशीं किती तिकिटें आमच्याकडील मुलांनीं कोमट पाण्यांत धुऊन काढलीं असतील, हें देव जाणे.

आमच्याजवळ असें एक पाकीट आहे. राणीच्या छापाचीं दोन हिंदी तिकिटें, त्यांवर बसऱ्याचा शिक्का, मागील बाजूस मुंबईस पोंचल्याचा शिक्का, आणि पत्ता गुजरातींत. कागद खाऱ्या हवेनें पिंगट झाला आहे. आम्ही तें घरीं घेऊन आलों तेव्हां तिकिटांविषयीं, शिक्क्यांविषयीं, आगबोटीच्या मार्गाविषयीं अर्धा तास बोललों. सौभाग्यवतींनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “आणि आंतलें पत्र?” आंत पत्र नव्हतें. “मग त्या माणसाला बसऱ्याला काय हवें-नको होतें, तें कसें कळायचें?” त्या दिवसापासून तें पाकीट पाहतांना आम्हांस शिक्का आधीं दिसत नाहीं.

प्राध्यापकांस हें पाकीट आम्हींच नेऊन दाखविलें. त्यांचा प्रश्न आतां आमच्या दारांत आला होता. जो देश स्वतः परक्याच्या मुठींत, त्याचें तिकीट दुसऱ्या देशांत जाऊन परकेपणाचा हक्क भोगीत होतें! इंग्रजांचें बळ, सुलतानाची जमीन आणि आमच्याकडचा आणा. पावती अपमानाचीच म्हणावयाची, तर तिच्यावर सही कोणाची आणि अपमान नक्की कोणाचा? ते म्हणाले, “ही पावती मात्र आपल्या नांवानें फाडली आहे.” यापुढें दोघांसही कांहीं बोलावेंसें वाटलें नाहीं, चहा मात्र निवाला.

पुढची हकीकत फार वेगानें घडली. युरोपांत महायुद्ध पेटतांच, ९ सप्टेंबर १९१४ रोजीं तुर्की सरकारनें सर्व सवलतीच्या सनदा रद्द केल्याचें जाहीर केलें, आणि १ ऑक्टोबरपासून परक्या टपालकचेऱ्या बंद पडल्या. आपसांत लढणारीं राष्ट्रेंही या एका बाबतींत एक झालीं : जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनींही इंग्रज-फ्रेंचांच्या बरोबरीनें निषेध नोंदविला. तुर्कांनीं या प्रसंगाचें स्मारक केलें तें तिकिटावरच. त्या सालच्या नव्या चित्रमालिकेंतील कांहीं तिकिटांवर त्यांनीं आपल्या लिपींत छापलें, कीं परक्यांच्या सवलती नष्ट झाल्या. तीस वर्षें ज्या युक्तीनें परक्यांनीं आपल्या तिकिटांवर पारे छापले, तीच युक्ति त्यांनीं उत्तरादाखल वापरली. त्यांत एकच गोम आहे : ती चित्रमालिका छापलेली होती लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीनें.

बगदाद-बसऱ्याच्या हिंदी कचेऱ्याही सप्टेंबरअखेर मिटल्या. परंतु बसऱ्याची कचेरी मिटून आठवडे आठही झाले नसतील, तोंच २२ नोव्हेंबर १९१४ रोजीं हिंदी टपाल त्या गांवांत परत आलें. या खेपेस तें फौजेबरोबर आलें. तिकिटें तींच हिंदी, फक्त त्यांवर ‘आय. ई. एफ.’ हीं तीन अक्षरें, म्हणजे हिंदी मोहिमेची फौज. आमच्या आल्बमांत हीं तिकिटें स्वस्तांतलीं आहेत. बाजारांत त्यांस फारसा भाव नाहीं. पण या फौजेंतील सहाव्या डिव्हिजनचें नांवच ‘पूना’ होतें, आणि तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. कूत-एल-अमारा येथें ती फौज वेढ्यांत सांपडली, उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या घरांत त्यानंतर पत्र आलें नाहीं, त्या घरांविषयीं कोणताही कॅटलॉग कांहीं सांगत नाहीं, आणि त्यानें सांगावें अशी अपेक्षाही नाहीं.

११ मार्च १९१७ रोजीं बगदाद पडलें. तेथें जीं तुर्की तिकिटें सांपडलीं त्यांवर इंग्रजांनीं सप्टेंबरांत छापलें : ‘बगदाद, ब्रिटिश ताब्यांत’, आणि त्याखालीं किंमत छापली ती आण्यांत. वाचकांनीं आतां ते १८८५ चें जांभळें तिकीट आठवावें. तेथें राणीच्या मुखवट्यावर सुलतानाचा पारा होता. येथें सुलतानाच्या तिकिटावर आमचा आणा आहे. पुढल्या सालीं या कामास तिकिटें कमी पडूं लागलीं, तेव्हां लंडनच्या त्याच ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीकडून तीच तुर्की चित्रें पुन्हां छापून घेऊन त्यांवर ‘इराक, ब्रिटिश ताब्यांत’ असें घातलें. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक तें गिऱ्हाईक.

१९१८ च्या तहकुबीनंतर इंग्रज, फ्रेंच, इटालियन असे सगळे पुन्हां इस्तंबूलमध्यें येऊन बसले, आणि कचेऱ्या पुन्हां उघडल्या. पण मुस्तफा केमालच्या फौजेनें मधल्या काळांत त्यांचा हिशेब बदलला होता. २४ जुलै १९२३ रोजीं लोझानच्या तहावर सह्या झाल्या. त्याच्या ११३ व्या कलमांत परक्या टपालकचेऱ्या बंद करण्यास सर्वांनीं मान्यता दिली आहे. टपालाच्या थैलीपासून सुरू झालेली दोनशें वर्षांची गोष्ट संपविण्यास एक छोटें कलम पुरलें.

हीं सर्व तिकिटें लावावींत कोठें, हा आमचा चालू वाद आहे. छापील कॅटलॉगांत १८८५ चें जांभळें तिकीट ब्रिटनच्या मागें, ‘बे’ आणि सवलती नष्ट झाल्याचें तिकीट तुर्कस्तानांत, बगदादचें इराकांत, आणि बसऱ्याच्या शिक्क्याचें पाकीट हिंदुस्थानच्या शेपटीला, असे ते चार दिशांस विखुरलेले असतात. प्रदर्शनाचे परीक्षक या बाबतींत फार सोंवळे असतात. तरी आम्हीं तीं एका ओळीनें समोरासमोरच्या दोन पानांवर लावलीं आहेत, आणि त्याबद्दल जे गुण कापले जातील ते खुशाल जावोत.

फक्त एक चौकोन मोकळा आहे. बगदादच्या हिंदी कचेरीचा स्वच्छ शिक्का असलेलें, न कापलेलें, न धुतलेलें पाकीट अजून आमच्या हातीं आलेलें नाहीं. परवां प्राध्यापकांचें पत्र आलें. त्यांच्या एका आप्तांच्या घरीं माळा साफ करतांना जुन्या व्यापारी कागदांची एक ट्रंक निघाली आहे, आणि कांहीं पाकिटांवर आखाताकडील गांवांचे शिक्के दिसतात. आंत पत्रेंही आहेत. घरांतील मुलें तिकिटें सोडवावयास उतावीळ झालीं आहेत. आम्ही रविवारीं निघत आहोंत. तोंवर ट्रंकेजवळ पाणी नेऊं देऊं नका, एवढा निरोप उलट टपालीं धाडला आहे.